पाचवी रिंग

तलावाच्या पाळीखाली पाटबंधाऱ्याची चौकी.
सागवानी टेबल, त्यावर युनिक्सचं मशीन,
शेजारी मोडेम. थंडीत त्याच्या डोक्यावर
मी चहाचा ग्लास ठेवायचो.

काम म्हटलं तर एवढंसं:
रात्री नऊला नागपूरहून फोन येणार,
मोडेमनं तो उचलायचा, मशीननं विचारायचं, लॉगिन?
तिकडून गिऱ्हेपुंजेबाई नाव टाकणार, पासवर्ड टाकणार,
पाण्याची पातळी वाचून जाणार,
मी झोपलेलो असलो तरी.

फाइलमध्ये एक ओळ घालायची होती.
कोणता पोर्ट, किती वेग, आणि रिस्पॉन,
म्हणजे एक गेला की त्याच जागी दुसरा उभा करायचा,
लगेच.
(आमच्या चौकीदाराची जागा तीन वर्षं रिकामी आहे.)

पहिल्या रात्री मोडेमचा एको चालू राहिला.
लॉगिन? मशीननं विचारलं.
लॉगिन, मोडेम म्हणाला.
मशीनला वाटलं, लॉगिन नावाचा माणूस आलाय.
पासवर्ड?
पासवर्ड.
चूक.
चूक.
सकाळी लॉगमध्ये साडेचार हजार ओळी,
सगळ्या एकाच पाहुण्याच्या,
जो आलाच नव्हता.

मग माझी चूक.
पोर्टच्या नावाशेवटी लहान ए असतो, मोठाही असतो.
खाच तीच, तार तीच,
पण लहान ए-ला लाइन तुटल्याचं कळत नाही.
गिऱ्हेपुंजेबाईंनी एक्झिट न करताच फोन ठेवला,
तासाभरानं पवनीहून लांजेवार आत आले
ते थेट बाईंच्या खुर्चीत.
कोणी नावही विचारलं नाही.
दुसऱ्या दिवशी मला म्हणाले,
तुमच्या इथं दार उघडंच राह्यते का जी?
मी अक्षर मोठं केलं.

लाइनवरची खरखर इस्तारी शहारेनं काढली.
खांबावरून उतरला, हात झटकले.
डब्यात मुंगळ्यायनं घर केलं होतं साहेब,
तुमचं नऊ हजार सहाशे त्यायच्या अंगावरून जात होतं.

राहिली रिंग.
पुस्तकात होतं: एस शून्य बरोबर एक.
पहिल्याच रिंगला उचल. मी तसं केलं.

पण हा नंबर एकट्या सरकारचा कधी नव्हताच.
पाळीखालच्या ढिवरटोलीत फोन नाही.
रायपूरला, सुरतेला गेलेली पोरं इथंच लावायची,
मी खिडकीतून हाक मारायचो
आणि कोणीतरी जाळं टाकून धावत यायचं.

चौथ्या दिवशी सकवारबाई मारबते वर आली,
टेबलापुढं उभी राहिली.
पोरानं तीनदा फोन लावला म्हन्ते,
तीनदा कोनीतरी किचाळलं.
कोन्तं जनावर ठेवलं जी तुम्ही फोनात?

मॅन्युअल बंद केलं. खुर्ची ओढली.
एटी, एस शून्य बरोबर पाच.
मग अँपरसँड डब्ल्यू, म्हणजे हे लक्षात ठेव,
वीज गेली तरी.
ओके, मोडेम म्हणाला.

नागपूरहून पत्र:
आपल्या केंद्राचा मोडेम फोन उशिरा उचलतो, कारण कळवावे.
कळवलं: लाइन जुनी आहे.

पाच रिंगा म्हणजे पंधरा सेकंद.
नावेतून खिडकीपर्यंत यायला पुरत नाहीत,
मला हात लांब करायला पुरतात.
रात्री नऊला मी हात लांब करत नाही.
चार रिंगा ऐकतो, पाचवीला मोडेम किंचाळतो,
मग गप्प होतो,
बाई आत.

आणि कधी भलत्याच वेळी
दोन रिंगा वाजून फोन आपोआप थांबतो.
म्हणजे सकवारबाईचा पोरगा रायपूरला पोचला,
पैसा न मोडता.
मशीनच्या कुठल्याच लॉगमध्ये तो फोन येत नाही.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरात
पेन्सिलीनं टिंब करतो
आणि खिडकी उघडतो.